फॅमिली डॉक्टर शोधताय... डिग्री खरी का खोटी कसं बघायचं आणि इन्शुरन्स चालतो का? (पिंपरी-चिंचवड)

पुनावळे_पार्सल (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. दिवाळीनंतर आम्ही डोंबिवली सोडून पुनावळ्याला आलो. घरात सासूबाई ६८, सासरे ७३ (बीपी आणि शुगर दोन्ही), मुलगी चार वर्षांची. डोंबिवलीचे आमचे डॉक्टर म्हणजे घरातलेच, फोनवर नुसता खोकला ऐकून सांगायचे की हा आजोबांचा नाही, आजीचा आहे. इथे सोसायटीखाली केकचं दुकान आणि कुत्र्यामांजरांच्या खाण्याचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात एक नवीन क्लिनिक उघडलंय. बोर्डावर नावाखाली तीन ओळी नुसत्या डिग्र्या, त्यात एक एम.डी. ठळक आणि त्याच्यापुढे कंसात अगदी बारीक ए.एम. असं काहीतरी. हे काय असतं? आणि मी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं की तुमच्याकडे इन्शुरन्स चालतो का, तर ती म्हणाली मॅडम आमच्याकडे कॅश आणि जीपे चालतं. 🙈 मला तर माझ्या अमेरिकेतल्या चुलत बहिणीने सांगितलं होतं की डॉक्टर ठरवायच्या आधी हे दोनच प्रश्न विचारायचे. नवऱ्याच्या कंपनीची पॉलिसी आहे आणि सासूसासऱ्यांची वेगळी घेतलीय, दोन वर्षं झाली. तर नक्की बघायचं काय आणि विचारायचं काय ते सांगा प्लीज.

वांगीभात
कुत्र्यामांजरांच्या दुकानातच विचारा, तिथे निदान पेशंट खोटं बोलत नाहीत. (कृपया हलकं घ्या)

खाष्ट_आजोबा
ए.एम. म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन. ही एम.डी. आपल्या कुठल्याच मेडिकल कौन्सिलला मान्य नाही. तसंच बी.ई.एम.एस. म्हणजे इलेक्ट्रोहोमिओपथीवाले, त्याचीही तीच गत. बोर्ड वाचताना ठळक अक्षर वाचायचं नाही, कंस वाचायचा. एम.डी. (आयुर्वेद), एम.डी. (होमिओ) या मात्र खऱ्या डिग्र्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. आमच्या नगरला एकाच्या बोर्डावर लंडनच्या सोसायटीची अक्षरं होती, लंडनला वर्गणी भरली की मिळतात म्हणे, गडी कधी पनवेलच्या पुढे गेला नव्हता.

गल्लीतली_डॉक्टरीण
मी स्वतः एमबीबीएस आहे, मिरजेकडे छोटी ओपीडी चालवते, बावीस वर्षं झाली. तर ताई, डिग्री राहू दे बाजूला, आधी रजिस्ट्रेशन नंबर बघा. डिग्री कुणीही रंगवून घेतं, नंबर कौन्सिलच्या वेबसाईटवर टाकला की दोन मिनिटांत उलगडा होतो. एमबीबीएस आणि त्यापुढचे सगळे महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे असतात. बीएएमएस (आयुर्वेद) लोकांची वेगळी परिषद, बीएचएमएसची (होमिओपॅथी) वेगळी, तिन्हीच्या साईटवर शोधायची सोय आहे. एमबीबीएसवाल्यांचा नंबर साधारण २००६/०४/ आणि पुढे काही आकडे असा दिसतो, म्हणजे नोंदणीचं साल आणि महिना त्यातच असतो, खूप जुन्या डॉक्टरांचा मात्र नुसताच पाच आकडी असतो. आयुर्वेदवाल्यांचा इंग्रजी आय अक्षराने सुरू होतो. आता बोर्डावर एमबीबीएस लिहिलंय आणि शिक्क्यावर आयवाला नंबर, असं दिसलं तर मुकाट चप्पल घालून बाहेर यायचं.

२००२ च्या नियमावलीत स्पष्ट आहे की नंबर क्लिनिकमध्ये दिसेल असा लावायचा आणि प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट, पैशाची पावती या सगळ्यावर द्यायचा. त्यामुळे विचारायला लाजू नका. माझ्याकडे आत्तापर्यंत तीन का चार जणांनीच विचारलाय, त्यातले दोन विमा एजंट होते. 😄

आणि अजून एक, आमची नोंदणी आयुष्यभराची नसते, दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि त्यासाठी तीस क्रेडिट पॉइंट गोळा करावे लागतात, म्हणजे रविवारी कॉन्फरन्सला जाऊन बसायचं (जेवण बरं असतं). तर नंबर टाकल्यावर नाव येतंय का एवढंच न बघता रिन्यूअल कधीपर्यंत आहे तेही बघा.

पुनावळे_पार्सल
बापरे धन्स ताई. म्हणजे बीएएमएस डॉक्टर असेल तर जायचंच नाही का? कारण आमच्या आसपास मला तरी एमबीबीएस जनरल प्रॅक्टिस करणारा एकही सापडला नाही, जे आहेत ते सगळे स्पेशालिस्ट, आठशे रुपये फी आणि अपॉइंटमेंट गुरुवारची.

मधल्या_आळीतला
तेच तर दुखणं आहे. एमबीबीएस झालेला पोरगा जनरल प्रॅक्टिस करतोय असं शेवटचं कधी ऐकलंत? पीजी करतो आणि हॉस्पिटलात जातो. वाड्यावस्तीवर, चाळीत, नव्या सोसायट्यांत रात्री अकराला दार उघडणारा बीएएमएस किंवा बीएचएमएसच असतो. आमचे बीएएमएस डॉक्टर डेंग्यूचा संशय आला की स्वतः रिक्षात बसवून मोठ्या हॉस्पिटलला पाठवतात, उगाच सलाईन लावून बसत नाहीत. मला तेवढं पुरतं.

सीसीएमपी_पास
आता विषय निघालाच आहे तर. मी बीएचएमएस, वर एक वर्षाचा सीसीएमपी (आधुनिक औषधांचा सर्टिफिकेट कोर्स) केलाय, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा, परीक्षा देऊन. २०१४ ला राज्याने कायद्यात बदल केला की हा कोर्स केलेल्या होमिओपॅथीवाल्यांना ठरावीक आधुनिक औषधं लिहिता येतील. त्यावरून २०२५ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंच, मेडिकल काउन्सिलकडे आमची वेगळी नोंदवही करायची म्हटलं तर सप्टेंबरमध्ये अॅलोपॅथीवाल्यांनी संप केला. वीस वर्षं त्याच हॉस्पिटलांत रात्रपाळीला आम्हीच आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून उभे असतो तेव्हा मात्र कुणाला काही वाटत नाही.

गल्लीतली_डॉक्टरीण
दादा, माझं तुमच्याशी भांडण नाही, पण एक वर्षाच्या फार्माकॉलॉजीने साडेपाच वर्षांची बरोबरी होते असं मला पटत नाही, आणि प्रकरण हायकोर्टात गेलंय, तिथे काय व्हायचं ते होईल. पेशंटच्या बाजूने बघा ना. त्याला कळायला हवं की समोर बसलेला माणूस नक्की काय शिकलाय. बोर्डावर होमिओपॅथी हा शब्द कोपऱ्यात का असतो, तेवढं सांगा.

सीसीएमपी_पास
माझ्या बोर्डावर कोपऱ्यात नाही. नावापेक्षा मोठा आहे. फोटो टाकला असता पण पत्ता दिसेल.

खाष्ट_आजोबा
हे भांडण वेगळ्या धाग्यावर घ्या, दर पावसाळ्यात निघतो तो. ताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहिलाय.

एडिसनकर
दुसरा प्रश्न चुलत बहिणीमुळे आलाय, त्यामुळे मी बोलतो, वीस वर्षं न्यू जर्सीत आहे. आमच्याकडे तो प्रश्न खरंच पहिला असतो. प्रायमरी केअर डॉक्टर तुमच्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये नसेल तर साध्या सर्दीचं बिल बघून ताप येतो. एचएमओ (फक्त नेटवर्कमधल्या डॉक्टरांचा) प्लॅन असेल तर स्पेशालिस्टकडे जायला पण त्याचीच चिठ्ठी लागते. आणि इन्शुरन्स घेता का असं विचारून भागत नाही, कारण एकाच कंपनीचे छप्पन प्लॅन, डॉक्टर त्यातले चार घेतो, वेबसाईटवरची यादी जुनी असते. कार्ड हातात धरून फोन करायचा, प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवायचं आणि नवीन पेशंट घेताय का हेही विचारायचं. डिग्रीचं म्हणाल तर एम.डी. आणि डी.ओ. (ऑस्टिओपॅथीची डिग्री) दोन्ही इथे सारखेच, आपले लोक डी.ओ. बघून उगाच बिचकतात. स्टेट बोर्डाच्या साईटवर लायसन्स दिसतं, त्याच्यावर काही कारवाई झालीय का तेही दिसतं.

पण हे सगळं इथलं. भारतातल्या ओपीडीला हा प्रश्न लागूच होत नाही, बहिणीला सांगा.

क्लेमखात्यातला_माजी
मी सहा वर्षं एका टीपीएमध्ये (विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) क्लेमची फाईल तपासायचं काम केलंय, आता सोडलं, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहितो, लांबेल, चहा घेऊन बसा.

एडिसनकर म्हणतात ते बरोबर. आपल्याकडची नेहमीची मेडिक्लेम म्हणजे ॲडमिट झाल्यावरची. चोवीस तास भरती, किंवा मोतीबिंदू, डायलिसिस, केमो असली डे केअरवाली यादी. फॅमिली डॉक्टरची दोनशे-तीनशेची फी त्यात येतच नाही, मग तो इन्शुरन्स घेणार कसा आणि कशाला. अपवाद दोन. पॉलिसीला ओपीडीचं वेगळं कव्हर जोडलेलं असेल तर, किंवा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीची काही रक्कम ॲपमध्ये दिलेली असेल तर. ताई, नवऱ्याच्या एचआरला मेल टाकून हे विचारा, निम्म्या लोकांना माहीतच नसतं. पण बऱ्याचदा त्या ॲपमध्ये ठरलेलीच क्लिनिकं असतात, सोसायटीखालचं बहुतेक नसतं.

पण मग फॅमिली डॉक्टरचा आणि इन्शुरन्सचा संबंध नाही का? आहे, आणि भलताच आहे. भरतीच्या आधीचे तीस दिवस आणि नंतरचे साठ दिवस हा खर्च बहुतेक पॉलिसींत मिळतो, त्याच आजाराशी संबंधित असेल तर. त्यात फॅमिली डॉक्टरची फी, त्याने लिहून दिलेल्या तपासण्या, औषधं सगळं येतं. आता तिथे काय होतं बघा. पेशंट आणून देतो कागदाचा चिटोरा, त्यावर निळ्या पेनाने तारीख नाही, नंबर नाही, नुसतं दोन गोळ्यांचं नाव आणि खाली २५० ला गोल. मी काय पास करणार? पॉलिसीत मेडिकल प्रॅक्टिशनरची व्याख्याच अशी आहे की कुठल्या तरी राज्याच्या किंवा केंद्राच्या कौन्सिलकडे वैध नोंदणी असलेला, त्यात आयुर्वेद होमिओपॅथीच्या परिषदाही येतात, आणि आपल्या परवान्याच्या हद्दीत राहून उपचार करणारा. म्हणजे ए.एम.वाल्याचा कागद सरळ बाद. बीएएमएसचा कागद बाद होत नाही, हे मधल्या आळीतल्यांसाठी.

तर क्लिनिकमध्ये इन्शुरन्स चालतो का हे विचारूच नका. विचारा, छापील पावती देता का? रजिस्ट्रेशन नंबरचा शिक्का मारता का? माझे केसपेपर किती वर्षं ठेवता? या तीन प्रश्नांना जो वैतागला त्याच्याकडे जाऊ नका.

वांगीभात
आमचे डॉक्टर पुड्या बांधून देतात गुलाबी पांढऱ्या, त्यात काय आहे हे देवालाही माहीत नाही, टीपीएला काय कळणार.

कोथरूडची_कंटाळलेली
वरच्या प्रतिसादाला माझं +१०००. आमच्याकडे घडलेलं सांगते, कंपनीचं नाव घेत नाही.

मागच्या वर्षी मिस्टरांना रात्री छातीत दुखलं, ॲडमिट केलं, अँजिओप्लास्टी झाली. इमर्जन्सीत मी फॉर्म भरत होते आणि ज्युनियर डॉक्टरने हिस्टरी विचारली सासूबाईंना. बीपी आहे का? आहे. किती वर्षं? सासूबाई म्हणाल्या झाली की हो सात-आठ वर्षं. त्या स्वतःच्या बीपीबद्दल बोलत होत्या!!! त्या घाबरलेल्या, तो घाईत, त्याने लिहिलं के सी ओ एचटीएन आठ वर्षं, म्हणजे पेशंटला आठ वर्षं बीपी आहे. आमची पॉलिसी तेव्हा दोन वर्षांची. झालं, कॅशलेस नाकारलं, कारण म्हणे आजार लपवला. साडेतीन लाख घरातून भरले, माझ्या बांगड्या पण गेल्या त्यात, असो.

मग आमचे फॅमिली डॉक्टर, वय सत्तर असेल, कर्वे रोडच्या आतल्या बाजूला एक खोली, पंखा टकटक वाजतो, त्यांच्याकडे गेले रडत. त्यांनी काही न बोलता लोखंडी कपाट उघडलं आणि आमच्या घराचं कार्ड काढलं, पिवळं पडलेलं जाड कार्ड, कोपऱ्यात ४१७ नंबर. त्यावर प्रत्येक भेटीची तारीख आणि बीपी. पॉलिसी घेतली त्याच्या आधीच्या चार वर्षांत सहा वेळा १२०-८०, १२४-८०, असंच. पहिल्यांदा १५०-९६ लिहिलंय ते पॉलिसीनंतर दहा महिन्यांनी, पुढे गोळी सुरू. कार्डाची झेरॉक्स, त्यावर सही शिक्का नंबर, आणि एक सर्टिफिकेट की बीपीचं निदान अमुक तारखेला मी केलं. ते सगळं हॉस्पिटलच्या दुरुस्तीच्या पत्रासकट परत पाठवलं. तीन क्वेऱ्या आल्या, एकात तर डॉक्टरांच्या नोंदणीची प्रत मागितली, तीही दिली त्यांनी. अडीच महिन्यांनी पैसे आले, हातमोजे वगैरे किरकोळ कापून. डॉक्टरांनी सर्टिफिकेटचे पैसे घेतले नाहीत, म्हणाले कार्डाचं पुस्तक संपत आलंय, तेवढं छापून आणून दे.

पुनावळे_पार्सल
काटा आला अंगावर. आमच्या डोंबिवलीच्या डॉक्टरांकडे पण अशीच कार्डं आहेत, ती मागितली तर देतील का?

क्लेमखात्यातला_माजी
मागा आणि आणा, आजच. सासऱ्यांची पॉलिसी दोनच वर्षांची आहे ना, बीपी शुगर प्रपोजल फॉर्ममध्ये (पॉलिसी घेताना भरतात तो) लिहिलंय का आधी ते बघा. लिहिलं असेल तर निर्धास्त. आधीपासूनच्या आजाराचं वेटिंग (तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, २०२४ च्या एप्रिलपासून, त्याआधी चार होतं. आणि पॉलिसी सलग पाच वर्षं चालू राहिली की मग लपवलं म्हणून नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

कोथरूडच्या ताईंनी केलं ते योग्य, तरी नसतं झालं तर पुढची पायरी म्हणजे कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

गल्लीतली_डॉक्टरीण
आता दुसरी बाजू पण ऐका. महिन्याला दोन तरी जण येतात, मॅडम शुगर तीन वर्षांची आहे ते तीन महिने लिहा ना, क्लेम अडकलाय. कोण ओळखीचं, कोण शेजारचं. नाही म्हटलं की तोंड फिरवतात, एक बाई तर माझ्या मुलीच्या लग्नाला आली नाही त्यावरून. खोटं सर्टिफिकेट दिलं तर माझं नाव रजिस्टरवरून निघू शकतं, आणि जे कार्ड खरं म्हणून कोथरूडच्या ताईंचे पैसे मिळाले त्या कार्डाला मग किंमत काय राहील? इन्शुरन्सला मदत करणारा डॉक्टर हवा म्हणतात ना, त्याचा अर्थ लोक असा घेतात.

मधल्या_आळीतला
+१ मॅडम. जाता जाता, सोसायटीजवळ छोटी हॉस्पिटलं खूप झालीत, फॅमिली डॉक्टर तिकडेच पाठवतात, तिथे क्लेम होतो का? आमचा एकदा नाकारला होता, बेड कमी म्हणून.

क्लेमखात्यातला_माजी
हो, पॉलिसीच्या व्याख्येत हॉस्पिटलची कायद्याखाली नोंदणी तरी लागते, नाहीतर दहा लाखांच्या वर वस्तीच्या शहरात पंधरा बेड लागतात, लहान गावात दहा. शिवाय चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर. आपल्याकडे नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली महापालिका करते, ते सर्टिफिकेट रिसेप्शनच्या मागे फ्रेम करून लावलेलं असतं, त्यात बेडचा आकडा असतो. वाट बघत बसलात की वाचत बसा. जानेवारी २०२४ पासून नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं, ठरवून ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवायचं, अचानक असेल तर भरती झाल्यापासून ४८ तासांत. हॉस्पिटलने मानलं पाहिजे पण, आणि तिथेच गाडी अडते.

साताऱ्याचा_सदा
आमच्याकडं पॉलिसी नाही, पिवळं रेशनकार्ड आहे. महात्मा फुले योजनेत डॉक्टरची फी बसते का?

गल्लीतली_डॉक्टरीण
सदाभाऊ, ओपीडीची नाही बसत. ती योजना भरतीसाठी, यादीतल्या हॉस्पिटलात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तिथे गेल्यावर आरोग्यमित्र असतो टेबल टाकून, त्याला आधी भेटायचं, बिल झाल्यावर नाही. फीचं म्हणाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र सगळ्यात बरं, तिथे ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत.

खाष्ट_आजोबा
अवांतर, पण कामाचं. घरातल्या ज्येष्ठाचा आरोग्य विमा नसेल तर त्याच्या औषधपाण्याचा, डॉक्टरचा खर्च इन्कम टॅक्सच्या वजावटीत (८० डी म्हणतात ती) पन्नास हजारांपर्यंत दाखवता येतो, जुन्या करप्रणालीत असाल तर. रोख दिलेला चालत नाही. म्हणून ती जीपे घेणारी मुलगी वाटते तितकी वाईट नाही.

पुनावळे_पार्सल
अपडेट द्यायला आलेय. सगळ्यांचे आभार, खरंच.

सोसायटीखालच्यांचा नंबर बोर्डावर नव्हता, विचारला तर म्हणाले सर्टिफिकेट फ्रेमिंगला दिलंय. तीन आठवडे फ्रेमिंगला. तिन्ही साईटवर नाव टाकून बघितलं, नाही सापडलं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर चेअरमन म्हणाले त्यांचं भाडं वेळेवर येतं. आता महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी दिलंय.

मग ताथवड्याच्या बाजूला एक बीएएमएस डॉक्टर मिळाल्या, चाळीशीच्या असतील, नोंदणीचं सर्टिफिकेट भिंतीवर, साईटवरही नाव सापडलं. मी सरळ तुमचे तीन प्रश्न वाचून दाखवले मोबाईलमधून. पावती देते म्हणाल्या, शिक्का मारते म्हणाल्या, केसपेपर कॉम्प्युटरवर ठेवते. मग त्यांनीच मला विचारलं, सासऱ्यांची क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) शेवटची कधी केली? मला सांगता येईना. म्हणाल्या शुगर आणि बीपी एवढी वर्षं आहे, ते आधी करून आणा, आणि शुगरच्या गोळ्या मी बदलणार नाही, त्यासाठी एम.डी. मेडिसिनचं नाव देते, बाकी रोजचं मी बघेन. सासरे बाहेर आल्यावर म्हणाले, ही बाई ठीक आहे, जास्त बोलत नाही.

डोंबिवलीला मिस्टर रविवारी जाऊन आले. डॉक्टरांनी कार्डांची झेरॉक्स दिली, मूळ कार्ड देत नाही म्हणाले, परत आलात तर काय करू. प्रपोजल फॉर्म पण काढून बघितला. बीपी लिहिलंय. शुगरच्या पुढे एजंटने नाही असं टिक केलंय. 😞 आता?

क्लेमखात्यातला_माजी
आता कंपनीला स्वतःहून लेखी कळवा, ईमेलने, कार्डाच्या झेरॉक्ससकट, आणि पोच जपून ठेवा. प्रीमियम वाढवतील, वेटिंग लावतील, पॉलिसी रद्द करायची भाषाही करतील कदाचित, पण ॲडमिट झाल्यावर त्यांनी शोधून काढण्यापेक्षा हे बरं. एजंटला फोन करू नका, तो म्हणेल राहू द्या मॅडम काही होत नाही.

पुनावळे_पार्सल
केला होता फोन. अगदी हेच म्हणाला, शब्दन् शब्द.

कोथरूडची_कंटाळलेली
ताई ईमेल टाकलात की इथे सांगा. आणि ताथवड्याच्या डॉक्टर नवीन पेशंट घेतायत का? आमची नणंद वाकडला आलीय.